ऐवजीबाईंचा चेपलेला डबा

माझ्या थोरल्या जावेला आमची सगळी गल्ली ऐवजीबाई म्हणते. नाव ठेवलं दूधवाल्याने, पण ते घरोघर पोचवलं मी, हे आधीच कबूल करते. देवाला माहीत आहेच, मग तुमच्यापासून कशाला लपवू?

नाव पडलं ते तिच्या वाढण्यावरून. ताटात काहीही वाढताना तिचं तोंड सुरू. सूप वाढताना म्हणणार, "यात मलई नाही हं. मलईऐवजी दुधात चमचाभर मैदा शिजवलाय." पावाला लावायचं लोणी पुढे सरकवताना, "निम्मं लोणी, निम्मं दूध. घुसळून फुगवलंय." मटण असेल तर, "अर्धे तुकडे वांग्याचे आहेत, ते आधी उचला, गार झाले की लिबलिबीत होतात." चीज म्हणजे मीठ घालून रात्रभर टांगलेलं दही. केशराऐवजी झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या. कॉफीत कॉफी चिमूटभर, बाकी खजुराच्या बिया भाजून दळलेल्या. आणि हे सगळं ती खालच्या आवाजात, लाजत सांगत नाही. फाटकावरचा पहारेकरी नावं पुकारतो तसं खणखणीत सांगते. समोर पाहुणा असो, डॉक्टर असो, नाहीतर माझ्या माहेरचं माणूस असो.

चव वाईट असती तर एक वेळ बरं झालं असतं. तोंडावर बोलता आलं असतं. पण चव चांगली असायची, हेच माझं दुखणं.

मला ती आवडत नाही. बावीस वर्षं एका छताखाली काढली, तरी नाही. आम्हा दोघींचे नवरे सख्खे भाऊ. खालच्या मजल्यावर त्यांचा छोटा छापखाना, वर आम्ही. मी दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीत बसते, सकाळी आठला जाते, संध्याकाळी येते. त्यामुळे स्वयंपाकघर पहिल्यापासून तिच्याच ताब्यात. उंच, हाडकुळी बाई. चालताना चपलेचा आवाज नाही. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं, ते कधी भरून आलंच नाही.

त्या नखाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

तिचे वडील सुक्या मेव्याच्या कोठारात हमाल होते. कोठारातून जर्दाळूच्या बियांची पोती घरी यायची. ही पाच भावंडं पायरीवर रांगेने बसून हातोडीने बिया फोडायची. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली, ते हे नख. आतला गर कोठाराला परत द्यायचा, टरफलं घरात जळणाला ठेवायची. जर्दाळूच्या बीचा गर दिसायला थेट बदामासारखा. पण त्यातले काही कडू निघतात, आणि कडू गर पोटात गेला तर माणूस आजारी पडतं. दिसायला दोन्ही सारखेच. ओळखायचा उपाय एकच, दाणा जिभेला लावायचा. कडू असेल तर बाजूला टाकायचा, गोड असेल तर टोपलीत. गिळायचा मात्र नाही. टोपली परत जाताना वजन व्हायचं.

म्हणजे पाच वर्षांची असल्यापासून तिने सगळी चव घेतली आणि घशाखाली काही उतरू दिलं नाही. हे तिने मला कधी सांगितलं नाही. माझ्या लेकीला सांगितलं, आणि लेकीने मला.

मी मात्र या घरात आले ती नाकाने कांदे सोलतच. माझे वडील मोठ्या हॉटेलात आचारी होते. आमच्याकडे खरं लोणी, खरी मलई, खरे बदाम. ते हॉटेलातल्या मोठ्या माणसांच्या ताटांतून उरलेलं असायचं हा भाग मी सासरी कुणाला सांगितला नव्हता. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी जावेला म्हणाले होते, "आमच्याकडे असलं काही चालत नाही." ती म्हणाली, "मग तुमच्याकडे काय चालतं ते इथे आणून ठेव, मी शिजवते." तिथून सुरुवात.

बोलणं बंद झालं ते मात्र नऊ वर्षांपूर्वी. माझा भाऊ आणि भावजय जेवायला आले होते. मी जावेला आदल्या दिवशी बजावलं होतं, "उद्या तेवढं तोंड बंद ठेवा." तिने मान हलवली. आणि सूप वाढायला घेतलं तसं तोंड उघडलंच, "मलई नाही हं यात. मैदा आहे. कुणाला सोसत नसेल तर आधी सांगा." भावजयीने रुमालाआड तोंड नेलं. हसली असणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पाहुणे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची. नेहमीसारखी मोठ्या आईला, म्हणजे तिला, चिकटून मटार सोलत बसली होती. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेवटचं वाक्य आठवतं. मी म्हणाले, "खाण्यापिण्यात ऐवजी चालवता, चालवा. पण स्वतःला मूल नाही म्हणून माझ्या लेकीला ऐवजी वापरू नका."

तिने हातातला डाव खाली ठेवला. गॅस बंद केला. लेकीच्या मांडीवरचा मटाराचा वाडगा उचलून माझ्या हातात दिला, आणि बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त माझ्याशी बोलणं नाही. मीही हट्टाला पेटले. आणि एका स्वयंपाकघरात दोन बायका न बोलता राहू शकत नाहीत म्हणून मग आमची भिंत बोलायला लागली. बेसिनच्या वरची, ओल आलेली भिंत. ती तिथे उभी राहून म्हणायची, "भिंते, तेल संपत आलंय हो. महाराण्यांना दिसत नसेल." मी भाजी धुताना त्याच भिंतीला सांगायची, "काही जणांना मीठ फुकट मिळतं वाटतं." लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडे सुनाही आम्हीच आणि लेक म्हणजे ती भिंत. छापखान्यातून दोघे भाऊ जेवायला वर आले की खाली मान घालून जेवायचे आणि खाली मान घालून जायचे.

हळूहळू मला एक सवय लागली. भिंतीशी ती काय बोलते ते मी ऐकेनाशीच झाले. कान बंद. टोमणाच असणार, ऐकायचा कशाला?

मी रोज संध्याकाळी देवापुढे हात जोडते. मागत काही नाही, घरातल्यांची आठवण फक्त करते. नवरा, लेक, थोरले दीर, माझा भाऊ, त्याची मुलं, एकेकाचं नाव घेऊन. आणि शेवटी म्हणायचे, "आणि बाकीचे." नऊ वर्षं ती त्या बाकीच्यांत होती.

तर आता लेकीचं. ती वीस वर्षांची झाली. पुस्तकात डोकं चाललं नाही, दोन परीक्षा बुडाल्या. हात मात्र सोन्याचे. चौकात एक जुनी बेकरी आहे. तिची मालकीण, बेकरीवाली बाई, दर वर्षी एकच मुलगी शिकायला घेते. तीन वर्षं शिकवते, मग ती मुलगी कुठेही उभी राहू शकते. माझ्या लेकीला दुसरं काही नको होतं. दोन वर्षं ती त्या काचेला नाक लावून आली होती.

बेकरीवालीची परीक्षा साधी. घरून एक केक करून आणायचा. "चार वस्तू," तिने लेकीला सांगितलं. "बदामाची पूड, अंडी, साखर, लोणी. पाचवी वस्तू नको. शुक्रवारी आण."

मी ठरवलं, या वेळी ऐवजी नाही. चौकापलीकडच्या मेवेवाल्याकडून चांगले बदाम दळून आणले. प्रश्न आला ठेवायचे कुठे. आमच्या ह्यांना गोड वास आला की हात आवरत नाही, चमच्याने खाऊन टाकतील. जावेच्या फळीवर एकतीस डबे. एकावरही चिठ्ठी नाही. ती डबा उचलून हलवते आणि आवाजावरून सांगते, ही साखर, हा रवा. सगळ्यात मागे एक चेपलेला बिस्किटांचा जुना डबा, झाकण इतकं घट्ट की चमच्याची दांडी घालून उघडावं लागतं. त्यात ती जर्दाळूच्या बियांची पूड ठेवायची. जर्दाळूचा मोसम संपला होता, डबा घासून पालथा घातलेला होता. मला वाटलं, सहा महिने याला कुणी हात लावणार नाही. बदामाची पूड मी त्यात भरली, झाकण ठोकून बसवलं. मनात हसूही आलं. तिच्याच डब्यात खरा माल, आणि तिला पत्ता नाही.

मधल्या रविवारी दुपारी मागच्या पायरीवर ठक ठक आवाज येत होता. मी पडले होते. उठून खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी सकाळी मी रजा टाकली. डबा काढला, दांडी घालून झाकण उचकटलं. आत पांढरी शुभ्र पूड. आणि वास! सगळं घर भरलं. लेक म्हणाली, "आई, केवढा वास गं." मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "याला म्हणतात खरा माल. वास घेऊन ठेव नाकात. इतकी वर्षं काय खाल्लंस ते आज कळेल."

जाऊ बेसिनशी पातेलं घासत होती. तिचा हात थांबला. केक भट्टीत गेला, लेक आवरायला आत गेली, तेव्हा ती भिंतीला काहीतरी म्हणाली. माझ्या कानावर "जर्दाळू" एवढा शब्द पडला, आणि मी नळ सोडला.

बेकरीत मी लेकीच्या मागे डबा धरून उभी राहिले. बेकरीवाली ठेंगणी, कोपरापर्यंत पीठ. तिने तुकडा मोडला आणि खाण्याआधी नाकाशी नेला. मग लेकीकडे बघितलं.

"बदाम कुठले?"

"मेवेवाल्याकडचे," लेक म्हणाली. "आईने आणले."

"हे बदाम नाहीत."

"आहेत," मी मागून म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "पोरी, खऱ्या बदामाला एवढा वास नसतो. खरा बदाम गप्प असतो. एवढा घमघमतो तो जर्दाळू. मी तीस वर्षं या भट्टीपुढे उभी आहे. चार वस्तू सांगितल्या होत्या, तू पाचवी घातलीस. तेही माफ केलं असतं. पण वर तोंडावर खोटं बोललीस."

"मी खोटं नाही बोलले," लेक म्हणाली.

मी मात्र भडकले. "आम्ही खोटं बोलणारी माणसं नाही! आमच्या घरात देवाचं नाव घेतल्याशिवाय दिवस जात नाही."

"मग देवालाच खायला घाला," बेकरीवाली म्हणाली. "सोमवारी मी दुसऱ्या मुलीला बोलावते. डबा घेऊन जा."

लेक रस्ताभर माझ्या पुढे चालली. घरी येऊन चादर डोक्यावर घेऊन पडली. जेवली नाही. मोठी आई दाराशी ताट घेऊन उभी राहिली तर तिलाही नको म्हणाली. ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

शनिवारी मी चेपलेल्या डब्यात उरलेली पूड कागदात बांधली आणि मेवेवाल्याच्या दुकानात जाऊन उभी राहिले. गिऱ्हाइकांसमोर बोलले. चोर म्हणाले, भेसळ म्हणाले, माझ्या लेकीचं आयुष्य नासवलंत म्हणाले. मेवेवाला शांत माणूस. पुडी उघडली, बोटावर घेतली.

"बाई, वड्याचं तेल वांग्यावर काढू नका. ही पूड माझी नाही."

"तुमच्याच हातची आहे!"

त्याने बरणीतून चमचाभर पूड काढून कागदावर माझ्या पुडीशेजारी ठेवली. "मी बदाम सालीसकट दळतो. माझ्या पुडीत तपकिरी ठिपके असतात, हे बघा. तुमची धुतल्या तांदळासारखी. हिची साल कुणीतरी एकेक दाणा भिजवून काढलीय. एवढी मेहनत दुकानात कुणी करत नाही, बाई."

मी दोन्ही ढिगांकडे बघत राहिले. एकेक दाणा भिजवून. अशी माणसं मला एकच ठाऊक होती. रविवारची ठक ठक कानात वाजायला लागली. मेवेवाल्याची माफी मागितली का? नाही मागितली. पुडी उचलली आणि निघाले.

घरी आले तेव्हा जाऊ स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसली होती. मी बेसिनशी गेले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "चेपलेल्या डब्यात काय होतं, ते कुणी सांगेल का?"

मागून आवाज आला, "भिंते, तुला विचारतायत. सांग की."

शेंगा मोडायचा आवाज तेवढा चालू. आतल्या खोलीत लेक चादरीखाली. सोमवारला दीड दिवस राहिला होता.

मी वळले. "जाऊबाई, तुम्हाला विचारतेय."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिने मान वर केली. चेहऱ्यावर काही हललं असेल तर मला दिसलं नाही.

"काय?"

"माझे बदाम कुठे आहेत?"

"वरच्या फळीवर, काचेच्या बरणीत. चिमूटभरही कमी नाहीत. वजन करून घे."

"मग सांगायचं नाही का मला?"

"सांगितलं. केक भट्टीत होता तेव्हा सांगितलं, की जर्दाळूला नावं ठेवणाऱ्यांना आज जर्दाळूचाच वास आवडला. तू नळ सोडलास. मला वाटलं, ऐकून चालवून घेतलंस."

"भिंतीला सांगितलंत!"

"तूही गेली नऊ वर्षं तिलाच सांगतेस. तिला सगळं कळतं, तुलाच काही कळत नाही."

मी म्हणाले, "पण काढलेत कशाला डब्यातून?"

तिने शेंगांची सुपली खाली ठेवली. "माझ्या डब्यात तुझे बदाम कशाला? माळ्यावर बिया साठवल्या होत्या, त्या फोडून पूड केली आणि भरायला गेले, तर आत हे. मला हिणवायला ठेवलेस. जर्दाळूच्या डब्यात खरे बदाम. बघ बाई, तुझी लायकी काय आणि माझी काय. असंच ना?"

"लपवले होते. ह्यांच्यापासून."

"माझ्या डब्यात? मला न विचारता?"

"विचारणार कसं?"

"तोंडाने."

मग बेकरीत काय झालं ते मी सगळं सांगितलं. मी म्हणाले, "चुकले. आता काहीतरी करा. पोरीची जागा जाते आहे."

"माझ्यापुढे चुकून काय होतंय? मी देव नाही. खोटं बोललीस ते बेकरीत. तिथे जाऊन बोल. मी वाढताना बोलते ना, तसं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"जाते. उद्याच जाते."

"मी पण येणार."

"तुम्ही कशाला?"

"डबा माझा, पूड माझी. माझ्या वस्तूला कुणी बदाम म्हणून खपवलं, आणि मग तिला खोटी ठरवून परत पाठवलं. मी आयुष्यात एक घास खोटं सांगून वाढलेला नाही. आता माझ्या डब्याचं नाव खराब झालं ते तुझ्यामुळे. तू ते कसं पुसतेस ते मी बघणार."

रविवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. जाऊ दोन पावलं पुढे, काखेत चेपलेला डबा, त्यात पुडीतली पूड परत भरलेली. लेक मध्ये. मी मागे. अर्ध्या रस्त्यात लेक चपलेचा पट्टा लावायला वाकली तेव्हा मी जावेच्या बरोबरीला गेले. नऊ वर्षं घशात अडकलेलं ते बाहेर काढायला हीच वेळ बरी, असं वाटलं.

"त्या दिवशी मी लेकीवरून जे बोलले..."

"ते राहू दे," ती समोर बघत म्हणाली.

"पण मला..."

"राहू दे म्हटलं ना. त्याच्याऐवजी काही घालता येत नाही."

आणि चालायला लागली. मी परत मागे पडले.

बेकरीत रविवारची गर्दी. पाव न्यायला सगळी ओळखीची तोंडं. दवाखान्यात माझ्या खिडकीपुढे उभी राहणारी माणसं, ज्यांच्यावर मी रोज खेकसते. बेकरीवालीने आम्हाला बघितलं आणि परत पाव मोजायला लागली. जावेने मला कोपराने ढोसलं. हळू नव्हे, लागेल असं.

मी म्हणाले, "शुक्रवारचा केक बदामाचा नव्हता." आवाज बारीक निघाला.

"ऐकू आलं नाही," जाऊ म्हणाली.

मग मी मोठ्याने बोलले. तिच्यासारखं. "शुक्रवारचा केक बदामाचा नव्हता. बदामाऐवजी जर्दाळूच्या बियांची पूड होती. ही माझी थोरली जाऊ, हिने केलेली. पोरीला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं, कारण मी घरात विचारलं नाही. खरा बदाम कोणता ते मला वासावरूनही कळलं नाही. पोर खोटं बोलली नाही. तुम्ही चूक दाखवलीत तेव्हा देवाचं नाव घेऊन तुमच्यावर ओरडले ती मी."

रांगेत कुणीतरी खोकलं. एक म्हातारा म्हणाला, "बाई, केसपेपर काढताना पण असंच स्पष्ट बोलत जा." लोक हसले. कान गरम झाले माझे, पण मी हलले नाही.

बेकरीवाली हात पुसत बाहेर आली. जावेच्या हातातला डबा घेतला. झाकण निघेना. जावेने पदरातून चमचा काढला, दांडी घातली, उघडून दिलं. बेकरीवालीने पूड चाखली. मग तिची नजर जावेच्या अंगठ्यावर गेली.

"बिया फोडायच्या तुम्ही?"

"पाच वर्षांची होते तेव्हापासून."

"कडू कशा निवडता?"

"जिभेने. एकेक."

"सगळ्या?"

"एक सोडली तर माणूस आजारी पडेल. सोडून कसं चालेल?"

"हिला येतं?" तिने लेकीकडे हनुवटी केली.

"तिला सगळं येतं," जाऊ म्हणाली. एवढंच. मी शिकवलं, असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही.

बेकरीवाली लेकीला म्हणाली, "उद्या पहाटे पाचला ये. इथे, माझ्या डोळ्यांपुढे कर. बदामाचा. चार वस्तू. जमला तर राहशील, नाही तर नाही." मग जावेकडे वळून, "ही पूड मला करून द्याल का? दर आठवड्याला?"

"देईन. पण पाटीवर जर्दाळू लिहायचं. बदाम लिहिलेलं दिसलं तर डब्यासकट परत नेईन."

"दुकान माझं आहे, बाई."

"पूड माझी आहे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी बेकरीवालीच हसली.

लेक राहिली. सोमवारचा केक काचेच्या बरणीतल्या बदामांचा केला, अर्ध्या पुडीत झाला. घरी एक तुकडा आणला होता. मी खाल्ला. वास जवळजवळ नव्हताच. चांगला होता, पण मला तो शुक्रवारचाच आठवत राहिला. हे मी कुणाला बोलले नाही. बरणीत उरलेली पूड आमच्या ह्यांनी दोन दिवसांत चमच्याने संपवली.

तुम्हाला वाटेल, आता जावा-जावा बोलायला लागल्या असतील. नाही लागल्या. बेकरीतून परत येताना ती पुन्हा दोन पावलं पुढेच होती, आणि घरी पोचल्यावर पहिलं वाक्य बोलली ते भिंतीशी, "चला, शेंगा वाळल्या असतील." मला ती अजून आवडत नाही. तिला मी आवडेन असं काही मी केलेलं नाही. देवापुढे मात्र आता "बाकीचे" म्हणत नाही, तिचं नाव घेते. घेताना दातओठ खाते. राग घेऊन देवापुढे बसू नये म्हणतात, पण राग जाईपर्यंत थांबले तर नाव घ्यायचं राहूनच जाईल.

एक गोष्ट केली मी. तसला घोळ पुन्हा नको म्हणून छापखान्यातून जाड कागदाच्या पट्ट्या आणल्या आणि एका सुटीच्या दुपारी ती बाहेर गेलेली असताना तिच्या एकतीस डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. उघडून, चाखून, चांगल्या अक्षरात. साखर. रवा. खजूर बिया. झेंडू. चेपलेल्या डब्यावर जाड अक्षरात जर्दाळू.

संध्याकाळी देवापुढून उठून स्वयंपाकघरात गेले तर फळीवर एकही चिठ्ठी नव्हती. डबे पूर्वीसारखे मुके. एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या बेसिनवरच्या भिंतीला, ओलीवर, ओळीने चिकटवलेल्या. जाऊ पाठमोरी उभी राहून पातेलं विसळत होती.

"भिंते," ती म्हणाली, "इतके दिवस नुसतं ऐकायचीस. आता वाचायला पण शीक."

मी नळ सोडला नाही. म्हणाले, "तिला चष्मा लागेल."

पातेलं घासायचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.